वरच्या चौकटीचा अधिकार

हल्लीं शाळेचा प्रवेश असो, सातबाऱ्याचा उतारा असो कीं वर्षासहलीची परवानगी असो, कागदाच्या जागीं पडदा आला आहे, आणि पुष्कळ ठिकाणीं सहीच्या जागीं एक इवलीशी चौकट आली आहे. तिच्यावर बोट टेकलें कीं तींत बरोबरची खूण उमटते. पुन्हां टेकलें कीं ती नाहींशी होते. संगणकावर काम करणारे लोक तिला चेकबॉक्स म्हणतात. आम्ही या लेखापुरतें तिला नुसती चौकट म्हणूं. चौकट एकच असेल तर तिच्याविषयीं लिहिण्यासारखें फारसें कांहीं नाहीं. परंतु जेथें बाबी पुष्कळ असतात, तेथें त्या एखाद्या वंशवृक्षाप्रमाणें मांडाव्या लागतात. वर एक मुख्य चौकट, तिच्या पोटीं चार-पांच, त्यांपैकीं प्रत्येकीच्या पोटीं आणखी दहा-वीस, अशी ती मांडणी असते. या मांडणींत वरच्या चौकटीला 'पेरेंट' व खालच्या चौकटींना 'चाइल्ड' म्हणण्याचा प्रघात आहे. ह्या वार्षिकाचे वाचक म्हणजे पालक आणि बालक हेच असल्यामुळें हीं नांवें वाचून त्यांस थोडें हंसूं येईल. पण त्या नांवांतच आजचा प्रश्न आहे. पालक-चौकटीवर खूण केली असतां बाल-चौकटींचें काय व्हावें, आणि बाल-चौकटी बदलल्या असतां पालक-चौकटीनें आपल्याविषयीं काय सांगावें?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. एवढ्याशा चौकोनावर वार्षिकाचीं पानें कशाला खर्चावयाचीं, असेंही कोणी म्हणेल. तो क्षुल्लक नाहीं असें आमचें मत आहे, आणि तें कां, हें आपल्याच मावळांतील उदाहरणावरून सांगतों.

महसूल खात्याची रचना मुळांतच वृक्षासारखी आहे. जिल्ह्याच्या पोटीं तालुके, तालुक्याच्या पोटीं मंडळें, मंडळाच्या पोटीं सजे आणि सजाच्या पोटीं गांवें. लोकांच्या तोंडीं मात्र मावळाचा दुसराच एक वृक्ष आहे, आणि तो नद्यांनीं पाडलेला आहे: आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ. टाकवे बुद्रुक आणि खांडी हीं गांवें आंदर मावळांतलीं, करंजगांव व गोवित्री हीं नाणे मावळांतलीं, काले, शिळींब व तुंग हीं पवन मावळांतलीं. आतां अशी कल्पना करा कीं अतिवृष्टीनें उभें भात आडवें झालें आहे, आणि पंचनामे पुरे झालेल्या गांवांची यादी करण्यासाठीं कचेरींतील एक लेखनिक हा वृक्ष पडद्यावर उघडून बसला आहे. त्यानें 'आंदर मावळ' या चौकटीवर एकदां बोट टेकलें, आणि खालच्या सर्व गांवांच्या चौकटी आपोआप भरल्या. उत्तम झालें, एकेका गांवावर बोट टेकीत बसण्याचे श्रम वांचले. मग त्याला आठवलें कीं खांडीचा पंचनामा अद्याप व्हावयाचा आहे, म्हणून त्यानें तेवढ्या एका गांवाची खूण काढली. सर्व गोष्ट येथें ठरते. आज्ञावली लिहिणारा निष्काळजी असेल तर वरची 'आंदर मावळ' ही चौकट जशीच्या तशी भरलेली राहील. वृक्ष मिटून ठेवला कीं खालच्या फांद्या दिसत नाहींत. दिसते ती एकच भरलेली चौकट, आणि ती सांगते कीं आंदर मावळाचें काम पुरें झालें. वरिष्ठांनीं तेवढेंच पाहिलें, तर खांडीस कोणी जाणार नाहीं. कोणी खोटें बोललें नाहीं, कोणी लांच घेतली नाहीं. एका चौकटीनें आपल्या लेंकरांची खबर घेतली नाहीं, एवढेंच झालें.

आणि मावळासारख्या तालुक्यांत तर एकाच खुणेनें सर्वांचा न्याय करणें विशेष धोक्याचें आहे. लोणावळ्यास वर्षाकांठीं चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तोच पूर्वेकडे तळेगांवच्या बाजूस त्याच्या निम्माही पडत नाहीं. ज्या इंद्रायणी भाताचा सुवास आज घरोघरीं पोंचला आहे, तो वाण १९८७ सालीं वडगांव मावळ येथील कृषि संशोधन केंद्रानें प्रसारित केला. पण तेंच भात एका खोऱ्यांत कुजत असतां दुसऱ्या खोऱ्यांत पाण्याची वाट पाहत असूं शकतें. तालुका एक, नांव एक, परंतु दैव प्रत्येक गांवाचें निराळें.

आतां हें खुणांचें राज्य चालतें कसें, तें पाहूं. संकेतस्थळाचें पान ज्या भाषेंत लिहितात ती एचटीएमएल. तिला चौकट काढतां येते, एका यादीच्या पोटीं दुसरी यादी घालतां येते, परंतु एका चौकटीचें दुसरीशीं असलेलें नातें तिला ठाऊक नसतें. तिच्या दृष्टीनें सर्व चौकटी पोरक्याच. तें नातें जोडण्याचें काम जावास्क्रिप्ट ही भाषा करते. १९९५ सालीं नेटस्केप कंपनींत ब्रेंडन आइक यांनीं तिचें पहिलें रूप अवघ्या दहा दिवसांत उभें केलें, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. तिचें वैशिष्ट्य असें कीं तींत लिहिलेली आज्ञावली दूरच्या सर्व्हरवर न चालतां वाचकाच्या स्वतःच्या यंत्रावर, त्याच्या ब्राउझरमध्यें चालते. त्यामुळें बोट टेकल्याबरोबर खुणा हलतात. पान एकदां उतरलें कीं लोणावळ्याच्या धुक्यांत नेटवर्क अडखळलें तरी खुणा अडत नाहींत.

ह्या आज्ञावलीला दोन वाटा चालाव्या लागतात. आपण घाटमाथ्यावरचे लोक असल्यामुळें त्यांना उतरण आणि चढण अशीं नांवें देऊं. उतरण म्हणजे ज्या चौकटीवर बोट टेकलें तिच्या पोटांतील सर्व चौकटी, नातवंडें-पणतवंडें यांसह, शोधून काढणें व त्यांस तिचीच खूण देणें. हें काम सोपें आहे; दोन-चार ओळींत होतें. पुष्कळ लेखक येथेंच थांबतात आणि आपला वृक्ष पुरा झाला असें समजतात. चढण ही कष्टाची. जी चौकट बदलली तिच्यापासून वर निघावें, प्रत्येक पालक-चौकटीपाशीं थांबावें आणि तिच्या मुलांकडे पाहावें. सर्व मुलें भरलेलीं असलीं तर तीही भरलेली. सर्व रितीं असलीं तर तीही रिती. कांहीं भरलेलीं व कांहीं रितीं असलीं, किंवा एखादें मूलच अर्धवट असलें, तर तीही अर्धवट. मग तिच्याही वरच्या पिढीकडे जावें, आणि असें करीत करीत माथ्यापर्यंत पोंचावें. खांडीची खूण काढली कीं 'आंदर मावळ' अर्धवट झालें पाहिजे, 'मावळ तालुका' अर्धवट झाला पाहिजे, आणि 'पुणें जिल्हा' हाही अर्धवट झाला पाहिजे. एका आडगांवाची उणीव जिल्ह्याच्या नांवावर दिसावी, हें कोणास खटकेल. आम्हांस तेंच योग्य वाटतें.

ही जी अर्धवट अवस्था, तिला 'इंडिटर्मिनेट' असें नांव आहे, आणि बहुतेक ब्राउझरांत ती चौकटींतील आडव्या रेघेनें दाखवितात. तिच्या दोन गोष्टी विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली अशी कीं ती एचटीएमएलमध्यें नुसती लिहून मिळत नाहीं; ती आज्ञावलीनेंच द्यावी लागते. दुसरी अधिक महत्त्वाची. ही रेघ केवळ दर्शनी आहे. पत्रक भरून पाठविलें कीं सर्व्हरला तिच्याविषयीं कांहींएक कळत नाहीं. त्याला भरलेल्या चौकटी तेवढ्या कळतात. रित्या चौकटींचें तर नांवही त्याच्याकडे जात नाहीं. म्हणून निर्णय नोंदवितांना शेंड्याच्या चौकटी, म्हणजे आमच्या उदाहरणांतील गांवें, हींच प्रमाण धरावीं, आणि वरच्या चौकटींना केवळ सोय मानावें. ज्यानें 'आंदर मावळ: होय' एवढेंच साठवून ठेवलें, त्यानें गांवें गमावलीं.

आणखी एक खांचखळगा सांगून ठेवतों. संगणकाच्या तासाला ज्यांचा वृक्ष नीट चालत नाहीं त्यांनीं आधीं येथें पाहावें. माणसाच्या बोटानें चौकट बदलली कीं ब्राउझर 'चेंज' या नांवाची वर्दी देतो. परंतु आज्ञावलीनें स्वतः एखाद्या चौकटीची खूण बदलली तर अशी वर्दी दिली जात नाहीं. म्हणून उतरणींत ज्या चौकटी बदलल्या, त्यांच्या बदलाची बातमी आपोआप कोणासही पोंचत नाहीं. चढण मुद्दाम बोलावून घ्यावी लागते. तसेंच ज्या चौकटींना कुलूप घातलेलें असतें, म्हणजे ज्या बदलण्याचा अधिकार भरणाऱ्याला दिलेला नसतो, त्यांना उतरणीनें हात लावूं नये. वडिलांनीं हुकूम सोडला म्हणून आजोबांच्या पेटीचें कुलूप उघडत नाहीं.

उतरण म्हणजे सत्ता आणि चढण म्हणजे जबाबदारी, असें मानलें तर आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं जो चढण लिहिणार नाहीं त्यास उतरण लिहिण्याचा अधिकार नाहीं. शुभवर्तमानांत कफर्णहूम येथील शताधिपतीची जी गोष्ट आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकतों, तींत तो आपल्या शिपायांना हुकूम देणारा आहे खरा. परंतु आपणही दुसऱ्याच्या हुकमाखालीं आहों हें तो आधीं सांगतो. त्याच्या बोलण्यांतला हा पूर्वार्ध लोक विसरतात.

ह्याच तत्त्वाचें एक लोखंडी रूप आपल्या दाराशींच आहे. १८६३ सालीं भोर घाटांतून रेल्वे सुरू झाली, त्याच्या सात वर्षें आधींच, १८५६ मध्यें, इंग्लंडांत जॉन सॅक्सबी यानें सिग्नल व सांधे एकमेकांशीं जखडून टाकणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें होतें. जुन्या केबिनींत दांड्यांची रांग असे. सिग्नलची दांडी ही एका अर्थीं पालक-चौकट. तिच्या हाताखालीं वाटेवरील सांधे. पण त्या दांड्यांच्या खालीं असें कुलूपयंत्र बसविलेलें असे कीं सांधे बरोबर लागल्याशिवाय सिग्नलची दांडी ओढलीच जात नसे. केबिनवाल्याची कितीही घाई असो, एक सांधा जरी उलटा असला तरी वाट मोकळी असल्याचें खोटें आश्वासन ड्रायव्हरला मिळत नसे. दांड्यांच्या जागीं आतां विद्युत्‌यंत्रें आलीं, तरी नियम तोच आहे. घाटांतील उतारावर ज्या कॅच सायडिंगा आहेत, त्यांचें तर याहून एक पाऊल पुढचें आहे. तेथील सांधे मुळांत चढाच्या आडवाटेकडेच लावलेले असतात. गाडी थांबली, ताब्यांत आहे असें दिसलें, म्हणजे मग तिला मुख्य वाट मिळते. न विचारतां जी स्थिति आधींपासून असते ती सुरक्षित बाजूची असावी, हा त्यांतला अर्थ. आणि चौकटींच्या बाबतींत सुरक्षित बाजू म्हणजे रिती चौकट.

येथवर पालकवर्गाला हा संगणकवाल्यांचा घरगुती वाद वाटला असेल. आतां त्यांच्या घरांतील गोष्ट घेऊं. समजा, एखाद्या शाळेनें वर्षासहलीचें संमतिपत्रक पडद्यावर आणलें आहे. वर मोठ्या अक्षरांत 'वर्षासहल', आणि तिच्या पोटीं मिटलेल्या फांदींत कार्ल्याचीं लेणीं पाहणें, लोहगड चढणें, धबधब्याखालीं उतरणें, मुलांचीं छायाचित्रें काढून प्रसिद्ध करणें, आणि मुलाच्या प्रकृतीची माहिती सहल नेणाऱ्या मंडळीस देणें, अशा पांच चौकटी. आई सकाळीं डबा भरतां भरतां 'वर्षासहल' यावर बोट टेकते. ती संमति देते ती सहलीला. परंतु त्या एका खुणेच्या उतरणीनें धबधबाही मंजूर होतो आणि छायाचित्रही. लोणावळ्याच्या परिसरांत ही नुसती तर्काची गोष्ट राहिलेली नाहीं. ३० जून २०२४ रोजीं भुशी धरणामागील धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजीं कुंडमळा येथें इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळून चौघांचे प्राण गेले. त्या दुर्घटनांचा चौकटीशीं संबंध नव्हता हें स्पष्ट आहे. पण ज्या मुलखांत पावसाळ्याचें पाणी असें आहे, तेथें पाण्यांत उतरण्याची परवानगी दुसऱ्या परवानगीच्या पोटांत लपवून घेणें हें आम्हांस केवळ गैरसोयीचें नव्हे, तर अन्यायाचें वाटतें.

कायदाही आतां ह्याच बाजूला झुकत आहे. १ ऑक्टोबर २०१९ रोजीं युरोपीय संघाच्या न्यायालयानें जर्मनींतील एका खटल्यांत असा निर्णय दिला कीं आधींच खूण करून ठेवलेली चौकट, जी माणसानें काढून टाकावयाची असते, ती संमति नव्हे. आपल्याकडे ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं ग्राहकांस फसविणाऱ्या तेरा रचनाप्रकारांविरुद्ध केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें मार्गदर्शक तत्त्वें काढलीं. ग्राहकाच्या टोपलींत त्याला न विचारतां वस्तु सरकविणें हा त्यांतला एक प्रकार. (चिक्कीची मागणी नोंदवितांना विमा आणि देणगी यांच्या चौकटी आधींच भरलेल्या आढळल्या, तर तो हाच प्रकार समजावा.) आणि २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमानें संमति ही मोकळी, विशिष्ट, समजून-उमजून दिलेली, विनाअट आणि निःसंदिग्ध असावी व ती स्पष्ट कृतीनें दिलेली असावी असें म्हटलें आहे, अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतींत ती पालकाची असावी व तिची खात्री करून घेतां यावी असेंही त्यांत आहे. यांतील 'विशिष्ट' हा शब्द आमच्या विषयाचा गाभा आहे. सहलीची संमति ती सहलीची, छायाचित्राची ती छायाचित्राची. वरून खालीं ओघळत गेलेली खूण विशिष्ट कशी म्हणावी?

यावरून पालक-चौकटी मुळांतच नसाव्यात असें आमचें म्हणणें नाहीं. तसें म्हणणारे लोक आहेत. त्यांच्या मतें वरचें नांव हें केवळ मथळा असावा व प्रत्येक चौकट माणसानें स्वतः भरावी. दोनशें गांवांच्या यादीपुढें हें मत टिकत नाहीं. जेथें निवडावयाच्या बाबी एकाच जातीच्या आहेत, एका गांवाची खूण दुसऱ्या गांवाच्या खुणेहून अर्थानें वेगळी नाहीं, तेथें उतरण अवश्य असावी. जेथें प्रत्येक चौकट निराळा धोका किंवा निराळी जोखीम पत्करते, तेथें उतरण असूं नये. फक्त चढण असावी. हा भेद कोणतीही आज्ञावली आपण होऊन करूं शकत नाहीं. तो लिहिणाऱ्यालाच करावा लागतो, आणि त्यासाठीं त्यानें पत्रक भरणाऱ्याच्या जागीं क्षणभर उभें राहावें लागतें.

एक बारीक प्रश्न उरतो. पालक-चौकट अर्धवट असतांना तिच्यावर बोट टेकलें तर काय व्हावें? लेखनिकानें दोन तास बसून, कोणतें गांव घ्यावें व कोणतें सोडावें हें ठरविलें आहे. आणि चुकून त्याचें बोट वरच्या चौकटीवर पडलें. सर्व चौकटी भरल्या. त्यानें घाबरून पुन्हां टेकलें. सर्व रित्या झाल्या. दोन तासांचें काम दोन स्पर्शांत गेलें. यावर उपाय आहे आणि तो कठीण नाहीं. शेवटची अर्धवट मांडणी आज्ञावलीनें लक्षांत ठेवावी, आणि तिसऱ्या स्पर्शाला ती जशीच्या तशी परत द्यावी. म्हणजे भरलेली, रिती आणि पूर्वीची अर्धवट, असें चक्र फिरत राहील. वेबचीं मानकें ठरविणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शनांतही ही रीति वर्णिलेली आहे. तरीही ती क्वचितच आढळते, याचें कारण लेखकांचा आळस, दुसरें नाहीं.

तसाच एक प्रश्न न उघडलेल्या फांदीचा. मोठ्या वृक्षांतील सर्व चौकटी एकदम उतरवून घेत नाहींत. फांदी उघडली म्हणजे तिच्यांतील नांवें सर्व्हरवरून मागवितात. समजा, 'पवन मावळ' ही फांदी कोणीं उघडलीच नाहीं, आणि तिच्यावर खूण केली. मागाहून ती उघडली, तर काले, शिळींब, तुंग यांच्या चौकटी भरलेल्या दिसाव्यात कीं रित्या? अधिक अवघड असें कीं महिन्यानें त्या यादींत एखाद्या नव्या गांवाची भर पडली, तर जुन्या खुणेंत तें आलें कीं नाहीं? 'सर्व' म्हणजे आज असलेलीं सर्व, कीं पुढें येणारीं देखील? याचें एकच एक उत्तर नाहीं. पंचनाम्याच्या यादींत आज असलेलींच धरावीं हें उघड आहे, कारण न पाहिलेल्या शेताचा पंचनामा झाला असें म्हणतां येत नाहीं. उलट पावसाचा इशारा पाठविण्याच्या यादींत नवें गांव आपोआप यावें. काय धरलें आहे तें चौकटीशेजारीं शब्दांत लिहावें. खुणेच्या भरंवशावर सोडूं नये.

आडव्या रेघेविरुद्ध एक आक्षेप आहे, आणि तो आम्हांस अर्धा मान्य आहे. सामान्य माणसाला भरलेली चौकट कळते, रिती कळते. ही मधली रेघ म्हणजे काय, हें कळत नाहीं. कोणी तिला 'नको' समजतो, कोणी बिघाड समजतो. यास्तव रेघेबरोबर आंकडा द्यावा असें आम्ही सुचवितों. 'आंदर मावळ' याच्यापुढें एकूण गांवें किती व निवडलेलीं किती हें लिहिलें कीं शंका उरत नाहीं, आणि शाळेची पायरी न चढलेल्या आजीबाईंसही शेजारच्याकडून तें वाचून घेतां येतें. ज्यांना डोळ्यांनीं दिसत नाहीं ते लोक पडदा वाचून दाखविणाऱ्या साधनाच्या आधारें काम करतात. त्यांना रेघही दिसत नाहीं. २०१४ मध्यें मानक म्हणून मान्य झालेल्या एरिया या नियमावलींत त्यांच्यासाठीं 'मिश्र' अशी तिसरी अवस्था बोलून दाखविण्याची सोय आहे. ब्राउझरची मूळ चौकट वापरली तर ती आपोआप मिळते. शोभेसाठीं चित्राची चौकट काढणाऱ्यांनीं ती स्वतः घालावी लागते, आणि ते बहुधा विसरतात.

शेवटीं सर्व्हरविषयीं दोन शब्द. वाचकाच्या यंत्रावर चालणारी आज्ञावली वाचकाला सहज बदलतां येते किंवा बंदही करतां येते. म्हणून तिनें ठरविलेली खूण ही सोय आहे, पुरावा नव्हे. पत्रक पोंचल्यावर सर्व्हरनें शेंड्याच्या चौकटी स्वतः मोजाव्यात, ज्यांना कुलूप होतें त्या कोणी उघडल्या नाहींत ना तें पाहावें, आणि वरची बेरीज पुन्हां करावी. दाराशीं मोजून घेतलेलें धान्य कोठारांतही मोजतात, त्यांत दारावरच्या माणसाचा अपमान नसतो.

आमच्या शाळेच्या संगणकवर्गांतील मुलांनीं पुढील सत्रांत असा एक वृक्ष स्वतःच्या हातानें लिहून पाहावा. वर 'मावळ', तिच्या पोटीं तीन खोरीं, त्यांच्या पोटीं आपापल्या ओळखीचीं गांवें. आधीं उतरण लिहावी, मग चढण, आंकडाही घालावा. नंतर एका गांवाची खूण काढावी, सर्व फांद्या मिटाव्यात, आणि शेजारच्या बांकावरील मुलास बोलावून, वृक्ष न उघडतां कोठें कांहीं राहिलें आहे का, असें विचारावें. त्याला खोरें ओळखतां आलें तर वृक्ष शिक्षकांस दाखविण्यास हरकत नाहीं. न आलें तर चढणीच्या ओळी पुन्हां तपासाव्यात.